निकालावर अपील नाही : ‘गॉडफादर’ आणि तिचे दुभंगलेले वाचक

[दृश्य : न्यायालयाचा कक्ष. लाकडी बाकांवर मोजकी माणसे बसलेली आहेत.]

मार्च 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या पटनम या प्रकाशन संस्थेने मारिओ पुझो यांची ‘द गॉडफादर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिच्या वाचकांमध्ये सरळ दोन तट पडलेले आहेत. एका तटाला ती बापलेकांची, घराण्याची आणि परक्या देशात पाय रोवणाऱ्या माणसांची थोर कहाणी वाटते. दुसऱ्या तटाला ती खून आणि खंडणीवर जगणाऱ्यांना थोरवी बहाल करणारी कादंबरी वाटते. ती नावडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती रात्र जागून संपवलेली असते, आणि आवडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तिची काही प्रकरणे भराभर उलटून पुढे जाणे पसंत केलेले असते. वाद केवळ आवडीनिवडीचा असता तर तो पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला नसता. त्याचे मूळ कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे, म्हणून आपणही तेथूनच सुरुवात करू.

ही कादंबरी कोणा टोळीच्या अड्ड्यावर नव्हे, तर न्यायालयात सुरू होते. अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेला अमेरिगो बोनासेरा हा सरळमार्गी बाप तेथे न्यायाची वाट पाहत बसला आहे. दोन तरुणांनी त्याच्या मुलीला इतके मारले आहे की तिचा जबडा तारांनी बांधून ठेवावा लागला आहे. न्यायाधीश त्या तरुणांना कडक शब्दांत सुनावतात, तीन वर्षांची शिक्षा जाहीर करतात आणि मग ती स्थगित करून त्यांना घरी जाऊ देतात. ते आपल्या आईवडिलांबरोबर बोनासेराच्या समोरून बाहेर पडतात. आता न्याय हवा असेल तर माफिया टोळीचे प्रमुख डॉन कॉर्लिओने यांच्यापुढे गुडघे टेकावे लागतील, असे तो बायकोला सांगतो. पुढच्या काही पानांत डॉनची माणसे त्या दोघांना बेदम मारतात, आणि ते वाचताना बरे वाटले नाही असे म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

माझे मामा तालुक्याच्या न्यायालयात शिरस्तेदार होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन व्हरांड्यात बसलेले आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन एस. टी. पकडणारे पक्षकार त्यांनी नोकरीभर पाहिले होते. वाचनालयातून आणलेला या कादंबरीचा मराठी अनुवाद त्यांनी दोन दिवसांत वाचून काढला आणि पहिले प्रकरण तंतोतंत खरे आहे, असा निर्वाळा दिला. तरीही पुस्तक परत करताना त्यांचा चेहरा नाराजच होता. बोनासेराला वरच्या न्यायालयाची वाट होती, निदान तिची आशा तरी होती. डॉनच्या निकालावर मात्र अपील नसते, एवढेच ते म्हणाले. या कादंबरीवर पुढे मी बरेच काही वाचले, पण यापेक्षा नेमका आक्षेप मला कोठे सापडला नाही.

तो आक्षेप पुझो यांना ठाऊक होता, असे मला वाटते. बोनासेराने घेतलेल्या मदतीची परतफेड कित्येक प्रकरणांनंतर, एका रात्री मागितली जाते. दूरध्वनी येतो आणि तो घाबरून जातो, कारण आपल्याला एखाद्या खुनात सामील करून घेतले जाणार, अशी त्याची खात्री झालेली असते. प्रत्यक्षात डॉन आपल्या थोरल्या मुलाचे, सॉनीचे, गोळ्यांनी छिन्नभिन्न झालेले शव घेऊन येतात आणि आईला पाहवेल असा त्याचा चेहरा करून द्यावा, एवढीच विनंती करतात. पहिल्या पानावर मोडलेल्या मुलीचा बाप असलेला माणूस आता मोडलेल्या मुलाच्या बापासमोर उभा असतो. मला स्वतःला हा प्रसंग संपूर्ण कादंबरीतला सर्वांत खरा प्रसंग वाटतो, आणि ज्यांना कादंबरीत केवळ उदात्तीकरण दिसते त्यांनी तो पुन्हा एकदा सावकाश वाचावा, असे मनापासून सुचवावेसे वाटते.

[दृश्य : न्यूयॉर्कच्या पश्चिम भागातील जुन्या चाळवजा इमारती.]

पुझो यांचा जन्म 1920 मध्ये न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या कष्टकरी वस्तीत, इटलीहून आलेल्या निरक्षर आईवडिलांच्या पोटी झाला. त्यांच्या आधीच्या दोन कादंबऱ्या समीक्षकांनी वाखाणल्या होत्या. त्यांपैकी 1965 मधील ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’ ही त्यांच्या आईवर बेतलेली होती आणि अखेरपर्यंत ते तिलाच आपले उत्तम लेखन मानत. मात्र त्या दोन्ही मिळून त्यांना साडेसहा हजार डॉलर मिळाले होते, तर डोक्यावर वीस हजारांचे कर्ज होते. पाच हजार डॉलर आगाऊ घेऊन त्यांनी माफियावरची कादंबरी लिहायला घेतली आणि तिच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीचे हक्क 4 लाख 10 हजार डॉलरना विकले गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत ती 67 आठवडे राहिली. आपण खऱ्या गुंडाला कधीही भेटलो नव्हतो, सगळे लेखन अभ्यासावरून केले आणि ते याहून चांगले लिहायला हवे होते, असे पुझो यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तेव्हा तिच्या सर्वांत कडक वाचकांमध्ये खुद्द लेखकाचाही समावेश करावा लागतो.

लेखनावरच्या आक्षेपांपैकी बरेचसे मला मान्य आहेत. गायक जॉनी फोंटेन याची हॉलिवूडमधली प्रकरणे मूळ कथेला रेंगाळत ठेवतात. सॉनीची मैत्रीण ल्युसी मॅन्सिनी हिच्या शस्त्रक्रियेचे लांबलेले उपकथानक वाचताना लेखकाचा हात सुटल्याचे जाणवते, आणि एकूणच स्त्रियांना या कादंबरीत सोसण्याशिवाय किंवा शोभेशिवाय फारसे काम नाही. 1972 चा चित्रपट आधी पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांना तर हे अधिकच खटकते, कारण पटकथेने यातला मोठा भाग गाळून टाकला होता, आणि ती पटकथा लिहिण्यात पुझो स्वतः सहभागी होते. तरुण व्हिटोच्या, म्हणजे तरुणपणीच्या डॉनच्या, गरिबीचे आणि पहिल्या खुनाचे प्रकरण मात्र इतके घट्ट विणलेले आहे की 1974 च्या दुसऱ्या चित्रपटाचा अर्धा डोलारा त्याच्यावर उभा राहिला.

इटालियन वंशाच्या अमेरिकन वाचकांचे दुखणे वेगळे होते. त्यांच्या घरची लग्ने, जेवणाची टेबले, वडीलधाऱ्यांचा मान हे सारे एवढ्या जिव्हाळ्याने पहिल्यांदाच कोणीतरी लिहिले होते, आणि ते लिहिले होते ते नेमके गुन्हेगारांच्या घराविषयी. गवंडीकाम, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या लाखो कुटुंबांकडे शेजारी संशयाने पाहू लागतील, ही भीती अनाठायी नव्हती. चित्रपटाची तयारी चालू असताना इटालियन-अमेरिकन नागरी हक्क संघटनेने विरोध केला आणि ‘माफिया’ हा शब्द पटकथेतून काढायला लावला. वाईट एवढेच की त्या संघटनेचा संस्थापक जो कोलंबो हा स्वतः न्यूयॉर्कमधील एका माफिया टोळीचा प्रमुख होता, आणि त्यामुळे सामान्य कुटुंबांची रास्त तक्रार भलत्याच माणसाच्या तोंडून जगापुढे गेली.

[दृश्य : सिसिलीतील कॉर्लिओने गाव आणि त्यामागचा रोक्का बुसाम्ब्रा डोंगर.]

डॉनच्या घराण्याला ज्याचे नाव मिळाले, ते हे गाव खरोखरच नकाशावर आहे. कादंबरीत डॉनचा धाकटा मुलगा मायकेल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत याच परिसरात लपून राहतो. साधारण त्याच सुमारास या गावात प्लाचिदो रिझोत्तो नावाचा शेतकरी-मजुरांचा पुढारी होता. पडीक जमिनी भूमिहीनांना कसायला मिळाव्यात म्हणून तो त्यांना संघटित करीत असे. 10 मार्च 1948 च्या संध्याकाळी त्याला पळवून नेऊन ठार मारण्यात आले. हा खून पाहिलेल्या एका मेंढपाळ मुलाला भ्रमिष्ट अवस्थेत गावच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि तेथे त्याचा मृत्यू झाला. त्या रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर मिकेले नाव्हार्रा हाच गावच्या माफियाचा म्होरक्या होता. तपास कार्लो आल्बेर्तो दाला क्येझा या तरुण अधिकाऱ्याने केला, परंतु तपासात दिलेले कबुलीजबाब न्यायालयात फिरवले गेले आणि आरोपी पुराव्याअभावी सुटले. दाला क्येझा यांचीही 1982 मध्ये पालेर्मोत हत्या झाली. रिझोत्तोच्या अस्थी या डोंगरातील एका खोल कपारीत 2009 मध्ये सापडल्या, त्यांची ओळख 2012 मध्ये पटली आणि त्याच वर्षी सरकारी इतमामाने त्याचे अंत्यसंस्कार झाले.

येथे मला मामांचे म्हणणे पुन्हा आठवते. कादंबरीत न्यायालय हतबल ठरते म्हणून बोनासेरा डॉनकडे जातो. खऱ्या कॉर्लिओनेमध्ये मात्र माफियाच न्यायालयाला हतबल करीत होता, आणि रिझोत्तोच्या बापाला गुडघे टेकायला दुसरी जागा नव्हती.

पुझो यांनी हे अजिबात लिहिलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिसिलीच्या प्रकरणात मायकेलला कळून चुकते की एकेकाळी गरिबांचा पाठीराखा मानला गेलेला माफिया आता श्रीमंतांचा बेकायदा हात बनला आहे आणि लहानातल्या लहान धंद्यावरही तो आपला कर बसवतो. परिच्छेद स्पष्ट आहे, पण तो माहितीसारखा येतो आणि निघून जातो. त्या कराखाली चिरडलेल्या एकाही दुकानदाराला बोनासेरासारखे पहिले पान मिळत नाही, आणि माझ्या मते दोन्ही तटांच्या वाचनातील अंतर याच ठिकाणी तयार होते. आपल्या बोलण्यातसुद्धा ‘राजकारणात त्याला कोणी गॉडफादर नाही’ हे वाक्य सहानुभूतीने उच्चारले जाते. गॉडफादर असणे हे आपण भाग्य समजतो आणि त्याची किंमत कोणी मोजली हे विचारत नाही.

[दृश्य : पहाटेचे चर्च. मेणबत्त्या लावणारी एक स्त्री पाठमोरी दिसते.]

शेवटाबद्दलही वाचक असेच विभागलेले आहेत. चित्रपट संपतो तेव्हा मायकेलच्या खोलीचे दार त्याची पत्नी के हिच्या तोंडावर बंद होते आणि ती बाहेर राहते. कादंबरी त्याच्या पुढे जाते. नवऱ्याने मेहुण्याला मारवले हे कळल्यावर के मुलांना घेऊन निघून जाते, वकील टॉम हेगन तिची समजूत घालून तिला परत आणतो आणि ती आपल्या सासूप्रमाणे कॅथलिक होते. काहींना हा शेवट म्हणजे तिची शरणागती वाटते, तर काहींना या घरातल्या एका तरी माणसाने पापाला पाप म्हटल्याचा तो पुरावा वाटतो. शेवटच्या पानावर ती सासूबरोबर सकाळी चर्चमध्ये जाते, मान खाली घालते आणि मायकेल कॉर्लिओने याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणते.