एंटर मारलं तरी प्रोग्राम उठेना

(सांगलीत कॉलेजच्या मुलांपुढे झालेल्या व्याख्यानातून)

बघा, मला फोन येतो, सर लिनक्सवर प्रोग्राम चालत नाही. मी विचारतो स्क्रीनवर काय आलंय, तर म्हणतात काहीतरी एरर आलीय. अरे काहीतरी म्हणजे काय, वाच की ती ओळ! माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की प्रोग्राम नेमका कुणी अडवला ते त्या ओळीतच लिहिलेलं असतं, शेलनं, म्हणजे तुमची कमांड घेणाऱ्या प्रोग्रामनं, कर्नलनं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यानं, की आतल्या लायब्ररीनं, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलनं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

"कमांड नॉट फाउंड" आलं तर शेलला तो प्रोग्राम सापडलाच नाही. समजा घरातल्या पोराला भडंग आणायला पाठवलं आणि हातात दुकानांची यादी दिली, आधी गणपती पेठेतलं, मग गावभागातलं, मग विश्रामबागचं. तो त्याच क्रमानं जाणार, यादीबाहेर नाही, आणि भडंगाचा डबा घरातच असला तरी उघडून बघणार नाही. ती यादी म्हणजे पाथ. म्हणून तुम्ही फाइलच्या फोल्डरमध्येच उभे असलात तरी लिनक्सवर आधी टिंब आणि स्लॅश लावावा लागतो. पोरं यावर चिडतात, पण हे मुद्दाम केलंय, नाहीतर कुणीतरी फोल्डरमध्ये एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या, नावाची खोटी फाइल ठेवली तर तुम्ही तीच चालवाल ना. आणखी एक, बॅश, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा शेल, एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवतो, प्रोग्राम दुसरीकडे हलवला तरी जुन्याच जागी जातो, मग हॅश वजा आर केलं की विसरतो.

"परमिशन डिनाइड" आलं म्हणजे फाइल सापडली पण चालवायची परवानगी नाही. सीएचमॉड अधिक एक्स, म्हणजे फाइलला चालवायची परवानगी देणारी कमांड, बहुतेक वेळा झालं काम. पण पेनड्राइव्ह नोएक्झेक, म्हणजे इथलं काही चालवू नका अशी अट, लावून माउंट केलेला, म्हणजे जोडलेला, असेल तर हजार वेळा सीएचमॉड करा, काही होत नाही, फाइल घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करून बघा.

आता माझी स्वतःची गोष्ट. एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं वजनाच्या पावत्यांची छोटी स्क्रिप्ट बसवत होतो. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". फाइल तर समोर दिसतेय, एलएस केलं, आहे! पुन्हा चालवली, नाही! रात्री साडेअकरापर्यंत मी नावं बदलत बसलो, आणि त्या ओळीत बिन बॅशच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या इंटरप्रीटरच्या नावाच्या, मागं एक टोपीचं चिन्ह आणि एम एवढं बारीक छापलेलं होतं, शेजारी "बॅड इंटरप्रीटर" पण होतं, मी ते वाचलंच नाही. झालं असं की फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली, तिथं ओळ संपताना दोन अक्षरं बसतात आणि युनिक्सकडं एकच. ते जादा अक्षर पहिल्या ओळीतल्या इंटरप्रीटरच्या नावाला चिकटलं, आणि कर्नल त्या नावाची फाइल शोधत होता. म्हणजे "फाइल नाही" हे माझ्या स्क्रिप्टबद्दल नव्हतंच! डॉस टू युनिक्स, म्हणजे ते जादा अक्षर काढणारी कमांड, चालवली आणि दोन सेकंदात पावती आली.

काहीच छापलं नाही, नुसता प्रॉम्प्ट परत आला, तर लगेच इको करून डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाका, आधीची कमांड कशी संपली त्याचा आकडा दिसतो. मध्ये दुसरी कमांड मारू नका, आकडा बदलतो. शेलकडून 127 आलं तर सापडला नाही, 126 म्हणजे सापडला पण चालवता आला नाही. 139 आलं तर ते 128 अधिक 11, म्हणजे प्रोग्राम चालू झाला होता आणि सेगमेंटेशन फॉल्टनं, म्हणजे नको त्या मेमरीत हात घातल्यानं, मेला. तिथं पाथ तपासण्यात रात्र घालवू नका. लायब्ररीची शंका असेल तर एलडीडी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड, लावा, समोर "नॉट फाउंड" दिसलं की तीच लायब्ररी बसवा, पण अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फाइलवर एलडीडी नको, कधीकधी त्यानं तो प्रोग्रामच चालू होतो.

चला, मघाशी ज्याचं पायथन चालत नव्हतं त्यानं लॅपटॉप पुढं आणा. आधी ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाच.