लाल डोळा नेहमी आलेलाच डोळा नसतो

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात घरात एखाद्याचा डोळा लाल दिसला की ‘डोळे आले’ असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. विषाणूमुळे आलेला डोळा खुपतो, त्यातून पाणी वाहते, सकाळी पापण्या चिकटतात. मात्र चिकटा पुसला की नजर सहसा पूर्वीसारखी स्वच्छ असते. ही साथ नुसते पाहिल्याने नव्हे, तर हातांमुळे आणि एकमेकांच्या टॉवेलमुळे पसरते. हात साबणाने धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. एक-दोन आठवड्यांत डोळा सहसा आपणहून बरा होतो.

मला आज अधिक बोलायचे आहे ते वेगळ्या लाल डोळ्याविषयी. भातकापणीत लोंबीचे कुसळ किंवा कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, झावळीचे टोक डोळ्याला लागते, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, बारीक ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. काही दिवसांनी दुखणे वाढते, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. अशा वेळी औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली एक-दोन दिवस ओसरते, घरचे निश्चिंत होतात आणि आत बुरशी फोफावत राहते. वेळेवर वाचवता आला असता असा डोळा केवळ या थेंबांमुळे गमवावा लागतो, याचे मला फार वाईट वाटते. मध, एरंडेल तेलही घालू नये. डॉक्टर जखमेचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि नॅटामायसिनसारखे बुरशीनाशक थेंब सुरुवातीला दर तासाला, पुढे कित्येक आठवडे देतात. उशीर झाला तर फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडते, ते थेंबांनी जात नाही.

तिसरा लाल डोळा काचबिंदूच्या तीव्र झटक्याचा. डोळ्यातील दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. तो एकाएकी दुपटीहून वाढतो. डोके फुटेल असे दुखते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात, त्यामुळे घरचे पित्त समजून बसतात. इथे उद्याची वाट पाहू नये. त्याच रात्री बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावे, आणि आधी कोणते थेंब घातले असतील तर ती बाटली सोबत न्यावी.