पेन्सिल, कागद आणि मग रेडिओ

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? रेडिओवाल्याचं व्याख्यान आणि माईक खरखरतोय, म्हणजे सगळं अगदी परंपरेला धरून चाललंय. पत्रिकेत विषय छापलाय 'आपत्तीचे पहिले ७२ तास आणि हॅम रेडिओ'. समोर निम्मे तरी लायसन्सवाले दिसतायत, उरलेले परीक्षेच्या तयारीतले, आणि दोनचार जण कुणाच्या तरी सोबत आलेले, त्यांच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. त्यामुळे हॅम म्हणजे काय वगैरे सांगत नाही. परीक्षा देऊन, कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळखखूण, घेऊन, स्वतःच्या खिशातून खर्च करून, एक पैसा न घेता रेडिओवर बोलणारी माणसं. घरच्यांना विचाराल तर नुसतीच बोलणारी माणसं.

तर ७२ तासांवर मी येणार आहे, नक्की येणार आहे. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे, बरेच दिवस डोक्यात घोळतीये आणि घरी ऐकून घ्यायला आता कुणी तयार नाही. आपत्तीत हॅमचं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण रेडिओ नाही, अँटेना नाही, बॅटरीसुद्धा नाही. पेन्सिल आहे. पेन्सिल आणि संदेशाचा छापील फॉर्म. हसू नका, मी गंभीरपणे बोलतोय.

आपला हा सगळा उद्योग सुरूच कसा झाला बघा. १९१४ साल, अमेरिका, हार्टफर्ड. हायरम पर्सी मॅक्सिम नावाचे गृहस्थ, घरी एक किलोवॉटचं स्टेशन, म्हणजे त्या काळात चंगळच. त्यांना स्प्रिंगफील्डच्या एका हॅमला निरोप द्यायचा होता. अंतर किती, तर चाळीसेक किलोमीटर. जाईना. एक किलोवॉट लावूनही जाईना. मग मध्ये विंडसर लॉक्स नावाचं गाव होतं, तिथला एक हॅम त्यांना ऐकू येत होता, त्याला म्हणाले, बाबा रे, तू पुढे सांग. त्याने सांगितलं, निरोप पोचला. यावरून मॅक्सिमना सुचलं की अशी माणसांची साखळी देशभर करता येईल, आणि अमेरिकन रेडिओ रिले लीग निघाली. नावातच रिले आहे, हे लक्षात घ्या. निरोप काय होता माहितीये? एक व्हॅक्यूम ट्यूब विकत हवी होती. म्हणजे आपल्या या थोर चळवळीचा उगम खरेदीत आहे, आणि आजही आपल्यातले निम्मे जण तिथेच अडकलेत, नवीन हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, आली की घे, नवीन अँटेना आली की घे. असो. घरच्यांसमोर हे बोलायला नको होतं बहुतेक.

मुद्दा असा की माझा निरोप दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचा आणि तिसऱ्याने चौथ्याला. आणि मधल्या माणसाने लिहून घेतलं नाही तर काय होतं, ते आता सांगतो.

एक मॉक ड्रिल होतं. कुठे, कोणाचं, ते सोडून द्या, सगळी सारखीच असतात. भूकंप झालाय, मोबाइल बंद आहेत असं समजायचं. समजायचं हं, कारण सकाळपासून निम्मे स्वयंसेवक एकमेकांना मोबाइलवर फोन करून विचारत होते, 'अरे रेडिओवर माझा आवाज येतोय का?' ते एक सोडा. निवारा केंद्रावरच्या डॉक्टरांनी ड्रिलचा संदेश दिला: 'इन्सुलिन चाळीस व्हायल आइसबॉक्समधून आज रात्रीपर्यंत पाठवा.' साधं वाक्य. केंद्रावरच्या मुलाने ते ऐकलं आणि हँडीवरून टेकडीवरच्या स्टेशनला तोंडी सांगितलं. टेकडीवर वारा भन्नाट, त्याला 'चाळीस' नीट ऐकू आलं, 'आइस' ऐकू आलं, 'रात्री' ऐकू आलं. त्याने खाली गाडीतल्या स्टेशनला कळवलं, चाळीसचं काहीतरी आहे, थंडीचं आहे, रात्रीच्या आत हवंय. गाडीतला माणूस हुशार, हा हुशार माणूस फार धोक्याचा असतो, त्याने लगेच अर्थ लावला. कंट्रोल रूमच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात आलं: '४० लोक थंडीत, ब्लँकेट पाठवा, तातडीचे'.

आणि ब्लँकेट आली की! गठ्ठे बांधून, वेळेच्या आत. टाळ्या. मग संध्याकाळी आढावा बैठक. स्लाइडवर स्लाइड, मास्टचे, म्हणजे अँटेनाच्या खांबाचे, फोटो, टेकडीवरून सूर्यास्ताचा फोटो, सिग्नल रिपोर्टचा तक्ता, सगळीकडे फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन. शेवटची स्लाइड 'संपर्क १०० टक्के यशस्वी'. आता फाइव्ह नाइन म्हणजे काय, तुझा आवाज मला स्वच्छ आणि जोरात येतोय. बरोबर आहे, आवाज येतच होता, संदेश कुठे येत होता? मी हात वर करून विचारलं की डॉक्टरांनी मागितलं काय आणि गेलं काय, हे कुणी ताडून बघितलं का. तर म्हणाले, सर चांगला मुद्दा आहे, पुढच्या वेळी नक्की घेऊ, आता आधी ग्रुप फोटो. मी फोटोत आहे, मागच्या रांगेत, तोंड वाकडं करून. मला अजून राग येतो त्याचा, वर्षं झाली तरी. खरा भूकंप असता तर त्या केंद्रावरच्या मधुमेहाच्या पेशंटना रात्री उबदार ब्लँकेट मिळालं असतं, बस.

आता यावर उपाय शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी काढून ठेवलाय आणि तो फुकट आहे. रेडिओग्रामचा फॉर्म. वरच्या ओळीत संदेशाचा नंबर, मग प्राधान्य, इमर्जन्सी, प्रायॉरिटी, वेल्फेअर, म्हणजे खुशालीचा, की रुटीन. मग ज्या स्टेशनवरून निघाला त्याची कॉल साइन, मग चेक, मग ठिकाण, वेळ, तारीख. खाली कोणाला, मजकूर, आणि देणाऱ्याची सही. यातला 'चेक' म्हणजे मजकुरातले शब्द मोजून लिहायचा आकडा. बास, शब्दांची संख्या. डॉक्टरांचं वाक्य मोजा, मोजा बोटांवर, सात शब्द आहेत. गाडीतल्या माणसाने फॉर्मवर 'चाळीस लोक थंडीत ब्लँकेट पाठवा' असं उतरवलं असतं, तर शब्द झाले असते पाच. सांगणारा म्हणतोय चेक सात, माझ्याकडे पाच, कुठेतरी गडबड आहे, पुन्हा सांग. अर्ध्या मिनिटात चूक पकडली असती. कॉम्प्युटरवाले याला चेकसम म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात, आपल्याकडे ते पेन्सिलीने चालतं.

दुसरं, मधल्या माणसाने अर्थ लावायचा नाही. संदेशात चूक दिसत असली तरी ती तशीच पुढे द्यायची, हवं तर मूळ स्टेशनला विचारायचं. मजकूर ज्याचा त्याने लिहायचा आणि सही करायची, डॉक्टरांनी, तहसीलदारांनी, जो कुणी जबाबदार असेल त्याने. तोंडी घ्यायचंच नाही. साहेब घाईत असतात, म्हणतात 'अहो सांगा ना त्यांना, लवकर पाठवा म्हणावं', आपण नम्रपणे फॉर्म पुढे करायचा. चिडतात. चिडू द्या.

आणि आकडे! आकडे सुटे सुटे सांगा. 'एकोणपन्नास' आणि 'एकोणसाठ' खरखरीत कुणालाही वेगळे ऐकू येत नाहीत, समोरासमोर येत नाहीत कधीकधी. 'आकडे, चार नऊ' म्हणायचं, 'आकडे, पाच नऊ' म्हणायचं. नावं असतील तर अक्षर अक्षर, अल्फा ब्राव्हो चार्ली करून. कंटाळवाणं आहे, कबूल.

अमेरिकेतल्या लोकांनी तर ठरावीक वाक्यांना नंबरच देऊन टाकलेत. 'एआरएल वन' म्हणजे इथे सगळे सुखरूप आहेत, काळजी करू नका. फक्त दोन शब्द पाठवायचे, समोरचा यादीत बघून पूर्ण वाक्य लिहून देतो. त्याच यादीत 'एआरएल फॉर्टी सिक्स' म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यामुळे पुरात अडकलेल्या माणसाच्या घरी काय पोचेल हे नंबर सांगणाऱ्याच्या मनःस्थितीवर आहे, म्हणून नंबर अक्षरांत लिहितात, आकड्यांत नाही. बघा किती बारीक विचार केलाय लोकांनी.

आता कुणीतरी म्हणणार, सर हे सगळं जुनं झालं. नाही झालं. २००४ चं अंदमान आठवा. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची टीम, भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली, डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला होती. गेली होती कशाला? डीएक्सपेडिशनला, म्हणजे जगभरच्या हॅमना अंदमानचा दुर्मिळ संपर्क मिळवून द्यायला, शुद्ध हौस. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप आणि त्सुनामी. कालपर्यंत सिग्नल रिपोर्टची देवाणघेवाण चाललेली तीच स्टेशनं मुख्य भूमीशी आणि पुढे कार निकोबारशी माणसांच्या खबरी पोचवायला लागली. लोक या गोष्टीत रेडिओचं कौतुक करतात. मला त्यात वेगळंच दिसतं: डीएक्सवाला माणूस दर मिनिटाला कॉल साइन ऐकून अचूक लिहून घेतो, गोंगाटात, तासन् तास. त्या टीमचा हात लिहायला सरावलेला होता. हौशीला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

जाताजाता, संकटात एका देशाची दूरसंचार उपकरणं दुसऱ्या देशात विनाअडथळा नेता यावीत म्हणून टाम्परे करार १९९८ मध्ये झाला, आणि तो लागू झाला ८ जानेवारी २००५ ला. त्सुनामीनंतर दोन आठवड्यांनी. कागदही कधीकधी उशिरा पोचतो, काय करणार.

आणि २०१७ ला मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत ९५ टक्क्यांच्या आसपास मोबाइल साइट बंद पडल्या, तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसने रेडिओ लीगकडे ५० ऑपरेटर मागितले. तिथलं मोठं काम कोणतं होतं? सुखरूप असलेल्यांच्या नावांच्या याद्या पाठवणं. याद्या! कारकुनी काम आहे हो हे, आणि मी ते अभिमानाने म्हणतो.

काय? चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं. संयोजक, मला वाटलं होतं... बरं बरं. तर ७२ तास.

भराभर सांगतो. पहिली गोष्ट, आधी घरचे सुरक्षित, मग रेडिओ, आणि बोलावल्याशिवाय घटनास्थळी धावायचं नाही. पहिले काही तास फक्त ऐकायचं. मोबाइल का पडतो, तर टॉवरच्या बॅटरीला ठरावीक तासच असतात, फायबर तुटतं, आणि जे टॉवर उरतात त्यावर सगळं गाव एकदम फोन लावतं. म्हणजे टॉवर उभा दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका, बॅटरी संपली की तोही जाणार.

नेट कंट्रोल, म्हणजे कुणी कधी बोलायचं ते ठरवणारं स्टेशन, एकच. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा, त्याने हात दाखवल्याशिवाय कुणी गाडी काढायची नाही. 'मी पण आहे, माझा सिग्नल कसा येतोय' विचारायला मध्ये घुसायचं नाही. ठिकाणांना साधी नावं द्या, 'निवारा दोन', 'हॉस्पिटल'. माणूस बदलला तरी नाव तेच राहतं. ठरलेल्या वेळाने स्वतःची कॉल साइन द्यायचीच, ती सुटत नाही.

पहिल्या दिवशी फक्त इमर्जन्सी आणि प्रायॉरिटी. दुसऱ्या दिवसापासून वेल्फेअर, आणि त्यातही आतून बाहेर जाणारे 'आम्ही ठीक आहोत' आधी. बाहेरून येणाऱ्या चौकश्या थांबवून ठेवा. १९८५ ला मेक्सिको सिटीच्या भूकंपात जगभरातून चौकश्यांचा लोंढा आला होता, एकेका चौकशीसाठी माणूस शोधत बसायचं म्हणजे मदतीचेच हात अडकले.

अँटेना: आसपासच्या दोनतीनशे किलोमीटरसाठी उंच मास्ट नको. ४० मीटर बँडचा डायपोल, दोन्ही बाजूंना दहा दहा मीटर वायर, जमिनीपासून तीनचार मीटरवर ताणा. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, खाली पडते, मधले डोंगर आड येत नाहीत. रात्री ८० मीटर बँडवर जा. व्हीएचएफ रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल पकडून पुढे फेकणारं स्टेशन, चालू असेल तर उत्तम, पण तोही बॅटरीवरच आहे हे विसरू नका, त्याच्याशिवाय सिम्प्लेक्सवर, म्हणजे थेट एका सेटवरून दुसऱ्यावर, कोण कोणाला ऐकतो त्याचा नकाशा आधीच करून ठेवा.

बॅटरी: शंभर वॅटचा सेट ऐकताना एखाद अँपिअर घेतो, बोलताना वीसच्या आसपास. गणित तुम्हीच करा. वीस वॅटवर काम होत असेल तर वीसच.

विनलिंक: तरुण मंडळी म्हणतात सर, रेडिओवरून ईमेल जातो, तुमची पेन्सिल ठेवा. लांब याद्यांसाठी अगदी खरं आहे, मीही वापरतो. फक्त त्यात मजकूर टाइप करणाऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून टाइप करावी, ऐकीव नाही.

ड्युटी बदलताना लॉगबुक हातात द्या, तोंडी नको. तिसऱ्या दिवशी झोप नसलेला ऑपरेटर सगळ्यात जास्त चुका करतो आणि त्याला सगळ्यात जास्त खात्री असते. आणि मोबाइल परत आला की काम सोपवून बाजूला व्हा, मिरवत बसू नका.

सॅटेलाइट फोनचा प्रश्न राहिला, कुणीतरी विचारणारच: असेल तर आनंदच आहे, वापरा, पण तो ज्याच्या हातात असतो त्याच्याच कामाचा, प्रत्येक निवारा केंद्रावर तो कुणी ठेवत नाही. झालं, चिठ्ठी परत आली. फॉर्म दारापाशी ठेवलेत, प्रत्येकी दोन घ्या, एक लिहायला, एक चुकायला. पेन्सिली मात्र परत द्या. सेव्हन्टी थ्री, म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा.