आसन सोडताना

मंडळी, एखाद्या योगवर्गात जाऊन एक दिवस नुसतं बघत बसा. शिक्षक सर्वांगासन सांगतात. पाय वर जातात, कंबर उचलली जाते, पाठीला हाताचा आधार मिळतो, हनुवटी छातीला टेकते. वर्ग एकदम शांत होतो. मग शिक्षक म्हणतात, "आता सावकाश आसन सोडा," आणि सतरंज्यांवर धप्, धप् असे आवाज यायला लागतात. 'सावकाश' हा शब्द कुणाच्या कानावर गेलेलाच नसतो. आपल्या लेखी आसन वरच संपलेलं असतं.

मराठीतली योगाची पुस्तकं चाळलीत तर दिसेल, की आसनाची माहिती बहुधा एका ठरावीक क्रमानं दिलेली असते: पूर्वस्थिती, आसन घेणं, आसनस्थिती, आसन सोडणं. फोटो मात्र आसनस्थितीचा. सोडण्याबद्दल शेवटी एखादी ओळ, की उलट क्रमानं पूर्वस्थितीला यावं. त्या एका ओळीत अर्धा अभ्यास आहे, असं माझं मत आहे.

म्हैसूरच्या परंपरेत ही ओळ कुणाला गाळताच येत नाही. तिथे १९३० च्या दशकात योगगुरू कृष्णमाचार्य शिकवत होते आणि त्यांचा भर श्वासाला बांधलेल्या हालचालींवर, म्हणजे विन्यासावर होता. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्या मोजणीत पश्चिमोत्तानासनाला, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकण्याला, सोळा विन्यास आहेत. उभं राहून सुरुवात करायची. प्रत्यक्ष आसन येतं नवव्या आकड्यावर, आणि पुढचे सात विन्यास परत उभं राहण्यासाठी. परतीचा प्रत्येक टप्पा मोजलेला, प्रत्येकाला श्वास नेमून दिलेला. त्यांची ती उड्या मारत होणारी पद्धत साठीतल्या माणसानं करावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण परतीचाही हिशेब ठेवायचा, ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

आता शरीराकडे येऊ. सर्वांगासनातून पाय खाली आणताना पोटाचे स्नायू एकीकडे लांबत असतात आणि त्याच वेळी पायांचा भार पेलत असतात. घाट उतरताना गाडीचे ब्रेक सतत कामाला लागलेले असतात ना, तसं. स्नायूंना ते झेपलं नाही की पायांचं वजन एकदम कंबरेवर येतं, कमरेची कमान होते, डोकं जमिनीवरून उचललं जातं आणि मानेला हिसका बसतो. म्हणून आधी गुडघे दुमडा. पाठीचा आधार लगेच काढू नका. कंबर खाली येऊ लागली की तळवे जमिनीवर ठेवा आणि एकेक मणका टेकवत या. शेवटपर्यंत डोकं जमिनीलाच. आणि खाली आलात की ताडकन उठून बसू नका, थोडा वेळ पडून राहा.

हे पडून राहणं आळसाचं नाही. आपण आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर बऱ्यापैकी सारखं पसरलेलं असतं. उभे राहिलो की साधारण अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या यंत्रणा असतात. त्या मेंदूला खबर देतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तरुण माणसाला हे घडलेलं कळतही नाही. वय झालेलं असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह जुना असेल, तर ही सावरासावर उशिरा होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. शवासनातून उठताना आधी हातापायांची बोटं हलवा, मग गुडघे दुमडा, कुशीवर वळा, हातानं जमीन रेटत बसते व्हा आणि डोकं सगळ्यात शेवटी वर आणा, असं आम्ही सांगतो ते यासाठी. पादहस्तासनातून, म्हणजे उभ्यानं पुढे वाकून, वर येतानाही हेच: गुडघे किंचित वाकवा, हात मांड्यांवर टेका, मान शेवटी. गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायच्या उष्ट्रासनातून येताना तर मान आधी उचलण्याचा मोह फारच होतो. तिथे छाती आधी वर येऊ द्या.

स्नायूंचंही स्वतःचं एक म्हणणं असतं. ताण ओळखणाऱ्या त्यांच्यातल्या सूक्ष्म रचना ताण किती आहे याबरोबर तो किती वेगानं आला हेही टिपतात. झटका बसला की स्नायू बचावासाठी आखडतो. पश्चिमोत्तानासनात हिसके देत पुढे वाकणारे लोक स्वतःच्याच स्नायूंशी भांडत असतात.

रथसप्तमीच्या सुमारास एकशेआठ सूर्यनमस्कारांचे संकल्प सुटतात. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या व्यायामाचा मोठा प्रसार केला. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. आणि सूर्यनमस्कार म्हणजे तर सगळा मधलाच प्रवास, थांबणं नावाला. पण आकड्याची घाई सुरू झाली की मागचा पाय दोन हातांच्या मध्ये नीट येत नाही, अर्ध्यात कुठेतरी आदळतो. असे एकशेआठ घालणाऱ्याला मी बारा घालायला सांगेन.

'स्थिरसुखमासनम्' हे पतंजलींचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते साधायचं कसं, हे पुढच्याच सूत्रात आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट प्रयत्नशैथिल्य, म्हणजे जोर सैल सोडणं. पतंजलींच्या मनात ध्यानाची बैठक होती, सर्वांगासनातून उतरणं नव्हे. उगाच त्यांच्या तोंडी काही घालायला नको. तरी जोर हळूहळू ओसरू देण्याचा सराव करायला आसन सोडण्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. त्यासाठी श्वासाकडे लक्ष ठेवा. उतरताना श्वास कोंडला, तर एकतर वेग जास्त आहे किंवा आसन आपल्या ताकदीबाहेरचं आहे.

इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. तासाभरात दहा आसनं घ्यायची ठरवली असतील तर सातच घ्या, आणि वाचलेला वेळ आसन सोडण्याला द्या. सोडतानाही तोंडानं सूचना देत राहा. "सोडा" म्हणून पुढच्या आसनाचं नाव घेऊ नका. वर्ग संपल्यावर कुणीतरी कुरकुर करेल, की आज काही झालंच नाही. करू द्या.