आटपाट नगरात बर्फ पडतो

(पडद्यावर: भर उन्हाळ्यातला रस्ता. दिव्याच्या खांबांना हिरव्या माळा गुंडाळलेल्या. एक माणूस पाइपातून पांढरा फेस उडवतोय.)

महिना जुलै. कॅनडातल्या एका छोट्या गावाचा मुख्य रस्ता. ऊन चांगलंच तापलंय. आणि रस्त्याच्या मधोमध एक तरुणी लोकरीचा लांब कोट, मफलर आणि टोपी घालून उभी आहे. हातात कॉफीचा कप. कपात कॉफी नाही. कोणीतरी ‘ॲक्शन’ म्हणतं आणि तिला थंडी वाजायला लागते.

तिच्या पायाखाली बर्फ आहे. थोडा कापसाच्या पट्ट्यांचा, थोडा कागदाच्या भुग्याचा, थोडा फेसाचा. कधीकधी खऱ्या बर्फाचा चुराही पसरतात, कारण कॅमेरा जवळ गेला की कापूस ओळखू येतो.

हे शूटिंग आहे हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीवरच्या नाताळच्या एका प्रेमपटाचं. डिसेंबर जवळ आला की तो अमेरिकेत घराघरांत लागेल. त्याचा शेवट आत्ताच सांगून टाकू. ती शहरातली मोठी नोकरी सोडून याच गावात राहील. बंद पडायला आलेलं जुनं दुकान चालू राहील. अगदी शेवटच्या मिनिटाला ती दोघं एकमेकांजवळ येतील आणि नेमका तेव्हाच बर्फ पडायला लागेल. हे सगळं बघणाऱ्यालाही पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं. तरी तो जागचा उठत नाही. का उठत नाही, तेवढंच या फिल्ममध्ये शोधायचंय.

(पडद्यावर: जुनी पोस्टकार्डं, बुटांचं पुठ्ठ्याचं खोकं.)

त्यासाठी आधी एका खोक्याकडे जायला हवं. १९१० साली जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा नेब्रास्का सोडून मिझुरीतल्या कॅन्सस सिटीला आला. सोबत बुटांच्या खोक्यांत भरलेली पोस्टकार्डं होती. त्या कार्डांच्या धंद्यातून पुढे शुभेच्छापत्रांची कंपनी उभी राहिली. तीच हॉलमार्क.

आता शुभेच्छापत्रात काय असतं, ते आठवून बघा. ‘लवकर बरे व्हा.’ ‘तुमची आठवण येते.’ हजारो कार्डांवर तेच शब्द, तेच छापील अक्षर. पण आजारपणात ते कार्ड आपल्या उशाशी येऊन पोचतं, तेव्हा त्यात नवीन काय लिहिलंय, असं कोणी विचारत नाही. कोणाला तरी आपली आठवण झाली आणि ती वेळेवर आपल्यापर्यंत आली, हाच त्यातला मजकूर. मला वाटतं, या चित्रपटांचं सगळं मर्म त्या कार्डात आहे.

कार्डाची कंपनी टीव्हीवर आली ती एका ऑपेराचा, म्हणजे गाण्यांतून सांगितलेल्या नाटकाचा, हात धरून. २४ डिसेंबर १९५१, नाताळची आदली रात्र. एनबीसी वाहिनीवर संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांचा ऑपेरा थेट प्रक्षेपित झाला. अमेरिकेत खास टीव्हीसाठी रचलेला तो पहिला ऑपेरा. गोष्ट एका गरीब, कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाची. प्रायोजक होता हॉलमार्क. तिथून ‘हॉलमार्क हॉल ऑफ फेम’ ही मालिका सुरू झाली आणि पुढे अनेक दशकं चालली. २००१मध्ये हॉलमार्क चॅनेल या नावाची वाहिनी आली. २००९पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ हा हंगाम सुरू झाला, आणि तो आता ऑक्टोबरातच उघडतो. २०२२च्या एका हंगामात ४० नवे चित्रपट दाखवले गेले.

एका हंगामात चाळीस. म्हणजे हे काम किती झटपट होत असेल, याचा अंदाज येतो. एक चित्रपट साधारण दोन-तीन आठवड्यांत चित्रित होतो. बरेच चित्रपट कॅनडात होतात, व्हँकूव्हरच्या आसपास किंवा ओंटॅरिओत. तिथे करात सवलत मिळते, कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरहून स्वस्त पडतो आणि या कामात मुरलेली माणसं तिथे आहेत. प्रक्षेपणाला दोन तास मिळतात, पण जाहिराती वजा जाता गोष्टीच्या वाट्याला सुमारे ८५ मिनिटं उरतात. पटकथा बहुतेक वेळा नऊ अंकांची लिहितात. प्रत्येक अंक अशा जागी थांबवायचा, की जाहिराती संपेपर्यंत माणूस दुसरीकडे जाऊ नये.

पण इथे खून होत नाही, गाडी दरीत कोसळत नाही. मग अंक थांबवायचा कशावर? ती शिडीवरून तारा लावत असते, पाय घसरतो, तो सावरतो. दोघांचे चेहरे जवळ येतात आणि कोणाचा तरी फोन वाजतो, किंवा कुत्रा मध्ये येतो. बस, तेवढंच. जाहिराती. या साध्याशा अडथळ्यावर लाखो माणसांना पंधरा मिनिटांनी परत परत खिळवून ठेवायचं, याला लेखकाचा हात फार हलका लागतो. सूत्रबद्ध म्हणून या चित्रपटांना जे सहज मोडीत काढतात, त्यांनी असा एक अंक लिहून बघावा.

(पडद्यावर: पिठाने माखलेले हात. झाडाला दिवे लावणारी बोटं.)

या चित्रपटांत माणसं एकमेकांना फारसं काही सांगत नाहीत. ती सोबत काम करतात. बिस्किटं भाजतात, नाताळचं झाड निवडून ओढत घरी आणतात, शाळेच्या कार्यक्रमाचा मंच रंगवतात. प्रेम त्या कामाच्या आडून येतं. तिची बाही पिठात भरते, तो न बोलता ती वर दुमडून देतो. शय्यादृश्य नसतं, म्हणून या दुमडलेल्या बाहीला एवढं वजन येतं. पहिलं चुंबन पार शेवटाला ठेवलेलं असल्यामुळे, मधल्या तासाभरात कोटाच्या खांद्यावरचा बर्फ झटकणं हीसुद्धा मोठी घटना होते.

आणि या लोकांकडे वेळ असतो. मला या चित्रपटांतली सर्वांत मोठी चैन तीच वाटते. बेकरीवाला गिऱ्हाइकाशी बोलत उभा राहतो. नगराध्यक्ष स्वतः माळा बांधायला येतो. नायिका सुरुवातीला कानाला फोन लावून झपाझप चालत असते, आणि हळूहळू तिची चाल बदलते. शहरात तिचा कोणीतरी होणारा नवरा असतो. तोही दुष्ट नसतो. त्याला फक्त वेळ नसतो. या जगातला एकमेव खलनायक म्हणजे घाई.

गावाचं नाव दर वेळी वेगळं, गाव मात्र तेच. आपल्या कहाण्यांमधलं आटपाट नगर जसं. तिथे नगराचा पत्ता कोणी विचारत नाही, कारण साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होणार, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

मात्र या नगरातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक रिकामी खुर्ची असते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नायकाची बायको वारलेली असते. नायिकेची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली असते. माळ्यावर एक खोकं असतं, त्यात नायकाच्या बायकोने स्वतः केलेले झाडाचे दागिने. पहिल्या अर्ध्या तासात ते खोकं कोणी उघडत नाही. लहान मुलगी विचारते, ‘हे कोणाचं?’ आणि बाप विषय बदलतो. मग एका संध्याकाळी ते खोकं खाली येतं. नायिका एकेक दागिना हातात घेते आणि विचारते, ‘हे कधी केलं होतं त्यांनी?’ आणि तो सांगायला लागतो.

या दृश्यासाठी मी यातला कितीही सामान्य चित्रपट पूर्ण बघेन. गोड, गुळगुळीत म्हणून ज्याची ओळख, त्या चित्रपटाच्या पोटात दुःखाची गोष्ट असते. सणाला माणूस आठवतं आणि ते घरात नसतं, ही जगातल्या कुठल्याही घरातली वेदना. इथे ती हळूच, कोणालाही घाबरवून न टाकता मांडतात. शेवट आधीच माहीत असल्यामुळे बघणाऱ्याला ते खोकं उघडू देण्याचं धैर्य येतं. पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती नसेल, तर रडायलाही जागा होते.

(पडद्यावर: नदीकाठचं दगडी बांधकामाचं गाव, जुनी गिरणी.)

हे ओंटॅरिओतलं आल्मोंट. राजधानी ओटावापासून फार लांब नाही. नदीचं नाव मिसिसिपी, पण अमेरिकेतली ती प्रसिद्ध नदी नव्हे. ही वेगळी, लहान. बास्केटबॉल शोधणारे जेम्स नायस्मिथ याच परिसरात जन्मले. आणि नाताळच्या कितीतरी टीव्हीपटांत तुम्ही हा रस्ता पाहिलेला असतो, फक्त पाटी दुसऱ्या गावाची असते.

एकोणिसाव्या शतकात हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव होतं. नदीच्या धबधब्यांवर यंत्रं फिरायची. पुढे तो धंदा गेला, गिरण्या बंद झाल्या. एका जुन्या गिरणीच्या इमारतीत आज कापडाचं संग्रहालय आहे. आता त्याच गावात नट लोकरीचे कोट घालून येतात आणि बंद पडायला आलेलं दुकान वाचवतात. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल, पण माझं मन तिथून हलत नाही. खऱ्या गावांना जे वाचवता आलं नाही, ते इथे दर आठवड्याला वाचतं. गावातली सराय कोणा बड्या कंपनीला विकली जाणार असते, सही व्हायची असते, आणि गावकरी एकत्र येतात. बघणाऱ्याच्या गावातली गिरणी परत येत नाही, हे त्याला कळतं. पण ती यायला हवी होती, असं कोणीतरी मोठ्याने म्हटलेलं असतं.

ही ओढ फक्त अमेरिकेची नाही. जर्मनीत झेडडीएफ वाहिनी १९९३पासून ब्रिटिश लेखिका रोझमंड पिल्चर यांच्या कथांवर चित्रपट करते. रविवारी रात्री सव्वाआठ वाजता. तिथे बर्फाऐवजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे कडे आणि समुद्र, पण माणसं बोलतात जर्मन. त्याच वेळी एआरडी या दुसऱ्या मोठ्या वाहिनीवर बहुतेक रविवारी खुनाचा तपास सुरू असतो. एका देशाला आठवड्याच्या शेवटी या दोनपैकी काय हवं ते निवडायचं असतं. त्या चित्रपटांमुळे जर्मन पर्यटक बसगाड्या भरभरून कॉर्नवॉलला जाऊ लागले. गोष्ट खोटी असली, तरी कडे खरे होते.

आता या आटपाट नगराचा दोषही सांगायला हवा, कारण मला ते प्रिय आहे. कितीतरी वर्षं तिथे राहायला फक्त एकाच प्रकारच्या माणसांना जागा होती. बहुतेक नायक-नायिका गोऱ्या, आणि प्रेम एका पुरुषाचं एका स्त्रीवर. डिसेंबर २०१९मध्ये वाहिनीने दोन नववधू एकमेकींचं चुंबन घेत असलेली एक जाहिरात काढून टाकली. चहूकडून टीका झाली, आणि काही दिवसांतच वाहिनीने माफी मागून निर्णय मागे घेतला. २०२०च्या एका नाताळपटात समलिंगी जोडपं कथेच्या मध्यभागी आलं. २०२२मध्ये दोन पुरुषांची प्रेमकथा हीच एका चित्रपटाची मुख्य कथा झाली. त्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कथांसाठी ‘महोगनी’ नावाने स्वतंत्र चित्रपट सुरू झाले. उशीर झाला, फार उशीर झाला. ज्यांना आजवर कार्ड आलंच नव्हतं, त्यांच्या दारात ते पोचायला एवढी वर्षं लागायला नको होती.

(पडद्यावर: ओस पडलेले रस्ते. एका खिडकीत टीव्हीचा निळा उजेड.)

मार्च २०२०. महासाथ पसरत होती. शाळा बंद, दुकानं बंद, आजाऱ्याजवळ बसायला घरच्यांनाही जाता येईना. त्या महिन्यात २० ते २२ मार्च, शुक्रवार ते रविवार, हॉलमार्क चॅनेलने नाताळचे चित्रपट ओळीने लावले. सण नऊ महिने लांब. बाहेर वसंत. आणि टीव्हीवर बर्फ, तारा, झाडं, दाटीवाटीने एका टेबलाभोवती बसलेली माणसं.

ते टेबल त्या तीन दिवसांत किती वेगळं दिसलं असेल. खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं, एकमेकांच्या गळ्यात पडणारी माणसं, आजारी आजोबांचा हात हातात घेऊन बसलेली नात. त्यात तेव्हाही नवीन काहीच नव्हतं. शब्द छापील होते. पण ते वेळेवर आले होते.

(पडद्यावर: पुन्हा तोच जुलैचा रस्ता. संध्याकाळ होत आलेली.)

इकडे शूटिंग संपत आलंय. शेवटचं दृश्य उरलंय. कोटाच्या आत दोघंही घामाघूम झालीत. कोणीतरी धावत येऊन त्यांची कपाळं टिपून जातं. रस्त्याच्या कडेला कापसाची पट्टी थोडी सरकलीय आणि खालचं हिरवं गवत दिसतंय, ते एक मुलगा पायाने झाकतो.

फेस उडवणारं यंत्र सुरू होतं. पांढरे कण वर जातात, तरंगतात आणि सावकाश खाली उतरतात. त्यातला एक तिच्या केसांवर बसतो. तो हात पुढे करतो, आणि झटकण्याआधी क्षणभर थांबतो.