स्टिअरिंगवरचे हात

श्रोतेहो, नमस्कार. आपण मोटारीचे स्टिअरिंग फिरवतो तेव्हा त्याच्या दांड्याच्या टोकाशी असलेले लहान दंतचक्र फिरते, ते आडव्या दंतपट्टीला डावीउजवीकडे सरकवते आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवतात. बहुतेक मोटारींत स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवावे तेव्हा चाक जेमतेम १ अंश वळते. म्हणूनच आपले बळ पुरते.

वळणावर आतले चाक लहान वर्तुळावरून जाते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. ही रचना मोटारींच्याही आधीची आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांच्या या कल्पनेचे पेटंट रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये घेतले, आणि तेही घोडागाड्यांसाठी!

आता हातांविषयी, कारण माझ्या मते चुका तिथेच अधिक होतात. स्टिअरिंग हे घड्याळाची तबकडी मानले, तर डावा हात ९ वर आणि उजवा ३ वर असावा. पूर्वी १० आणि २ असे शिकवले जाई. पण अपघातात मधली एअरबॅग पापणी लवण्याआधी फुगते आणि वर ठेवलेले हात चेहऱ्यावर आदळू शकतात. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. पाठ आसनाला टेकवून हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, म्हणजे बैठक योग्य आहे असे समजावे.

डावीकडे वळताना डाव्या हाताने स्टिअरिंग वरून खाली ओढावे, त्याच वेळी उजवा हात कडेवरून सैल खाली सरकवावा आणि मग त्याने स्टिअरिंग वर ढकलावे; अशाने हातांची कैची होत नाही. वळण संपताना चाके आपणहून सरळ होऊ पाहतात, कारण ज्या आसाभोवती ती वळतात तो वरच्या बाजूने किंचित मागे झुकलेला असतो. ही ओढ हातांना जाणवू द्यावी, पण स्टिअरिंग मोकळे सोडू नये.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर पॉवर स्टिअरिंगची मदत जाऊ शकते आणि स्टिअरिंग फार जड होते. तरीही चाके वळतात. अशा वेळी दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घ्यावी आणि ती पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्ली काढताच स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.