हाउस्टन स्ट्रीटच्या भिंतीवरचं जपान

मित्रहो, न्यूयॉर्कमध्ये हाउस्टन स्ट्रीट आणि बाउरी हे दोन रस्ते जिथे मिळतात, तिथे एक भिंत आहे. १९८२ साली रस्त्यावरचे चित्रकार कीथ हॅरिंग यांनी ती रंगवली. २०१२ मध्ये तीच भिंत टोकियोत जन्मलेल्या चित्रकार आयको यांच्याकडे आली आणि २०१९ मध्ये जपानच्याच ताकायामाचे चित्रकार तोमोकाझू मात्सुयामा यांच्याकडे. जपानमधली ग्राफिटी म्हणजे अमेरिकेची नक्कल, असं सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही.

अगदी साहित्यापासून बघा. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कची पोरं भुयारी रेल्वेच्या डब्यांत ज्या जाड मार्करनी आपली नावं लिहीत होती, त्यांत पायलट आणि युनी हे जपानी कंपन्यांचे मार्कर होते. जपानची शाई तिथे आधीच पोचली होती.

आता हॅरिंगची रेघ बघा. स्टेशनांवर जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटवलेला असायचा. हॅरिंग त्यावर पांढऱ्या खडूनं चित्र काढत. पोलीस यायच्या आत काम संपवायचं, म्हणजे आधी आराखडा नाही, खोडणं नाही, एकदा टेकवलेला हात पुढेच न्यायचा. जपानी सुमी शाईनं, म्हणजे काजळीच्या काळ्या शाईनं, आणि कुंचल्यानं काम करतानाही हीच शिस्त लागते. कागद शाई पितो, चुकलेली रेघ परत घेता येत नाही. हॅरिंग यांना पूर्वेकडच्या सुलेखनाची ओढ होती आणि सुमी शाईत त्यांनी भरपूर काम केलं. त्यांची रेघ निव्वळ न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची आहे असं म्हणणं म्हणूनच अपुरं ठरतं.

१९८३ मध्ये ते टोकियोला गेले, सोबत एलए टू या टॅगनं, म्हणजे भिंतीवर लिहायच्या टोपणनावानं, ओळखला जाणारा त्यांचा तरुण साथीदार होता. गॅलरी वातारीत प्रदर्शन झालं, गॅलरीची बाहेरची भिंतही रंगली. त्याच वर्षी ‘वाइल्ड स्टाइल’ या चित्रपटाच्या निमित्तानं न्यूयॉर्कचे ग्राफिटीवाले, डीजे आणि ब्रेकडान्सर टोकियोत उतरले. योयोगी पार्कमध्ये पोरं ब्रेकडान्स करू लागली, त्यामागे ही भेट मोठं कारण होती. १९८७ मध्ये हॅरिंग यांनी तामा शहरात पाचशे मुलांना सोबत घेऊन चित्र केलं. मला त्यांच्या सगळ्या जपानी कामांत हे सर्वांत जवळचं वाटतं.

मग १९८८ चं पॉप शॉप टोकियो. मालवाहतुकीचे दोन कंटेनर जोडून केलेलं दुकान, आतून हॅरिंग यांनीच रंगवलेलं. विकायला टी-शर्ट होतेच, शिवाय जपानी पंखे आणि भाताचे वाडगेही होते. जपानच्या बाजारात त्यांच्या चित्रांचा नकली माल भरपूर होता, त्याला उत्तर म्हणूनही हे दुकान काढलं. ते फार काळ चाललं नाही. पण रस्त्यावरच्या चित्रकाराची वस्तू लोक जपून घरी नेतात, ही गोष्ट टोकियोत रुजलेली होती.

त्याचा फायदा कॉज या नावानं काम करणाऱ्या ब्रायन डॉनली यांना झाला. न्यूयॉर्कच्या बसथांब्यांवरची काचेची चौकट उघडून ते जाहिरात घरी न्यायचे, तिच्यावर आपली फुलीच्या डोळ्यांची कवटी रंगवायचे आणि पोस्टर परत जागेवर लावायचे. त्यांचं पहिलं खेळणं १९९९ मध्ये बाउंटी हंटर या टोकियोच्या ब्रँडसोबत निघालं, अवघे पाचशे नग. पुढे २००६ ते २०१३ त्यांचं ओरिजिनलफेक हे दुकान टोकियोच्या आओयामा भागात होतं. आज त्यांचे अवाढव्य पुतळे जगभर उभे राहतात, त्यांची सुरुवात टोकियोतल्या त्या विनाइलच्या बाहुल्यात आहे.

उलट दिशेनं आयको गेल्या. नव्वदच्या दशकात त्या न्यूयॉर्कला पोचल्या, ‘फेल’ या रस्त्यावरच्या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक झाल्या, नंतर स्वतंत्र झाल्या. हाउस्टनच्या भिंतीवर त्यांनी थरावर थर स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापलेले साचे, मारून बायका, फुलं, फुलपाखरं उभी केली. स्टेन्सिल म्हटलं की आपल्याला लंडन-पॅरिस आठवतं. जपानमध्ये मात्र किमोनोच्या कापडावर नक्षी छापण्यासाठी कागदी स्टेन्सिल शतकानुशतकं कापले जातात. कागदाचे थर पर्सिमन फळाच्या रसानं चिकटवून, कडक करून, त्यात बारीक पात्यानं नक्षी कोरायची. आयकोंच्या भिंतीकडे बघताना मला ही परंपरा दिसते.

एक गोष्ट मनाला लागते. योकोहामात साकुरागिचो भागात रेल्वेमार्गाखालची लांबच लांब भिंत जपानी ग्राफिटीवाल्यांची पंढरी होती. ती पुसली गेली. वस्तूंचं एवढं कोडकौतुक करणाऱ्या देशात भिंत मिळणं मात्र कठीण राहिलं. हवाईत दरवर्षी भरणारा पाऊ वाऊ हा भित्तिचित्रांचा महोत्सव २०१५ मध्ये टोकियोच्या तेन्नोझू भागात आला, तेव्हा कालव्याकाठच्या गोदामांच्या भिंती रीतसर परवानगीनं रंगल्या. साकुरागिचोत रात्री रंगवायला येणाऱ्या पोरांकडे अशी परवानगी कधीच नव्हती, आणि त्या भिंतीचं नाव मी आज मुद्दाम घेतलं ते त्यांच्यासाठी.